हवा कशी आहे?

मी एक कॅसेट बोलतेय. हल्लीच्या मुलांच्या हातात मला दिलं तर ती उलटीपालटी करून बघतात आणि विचारतात, हे काय आहे? त्यांचा काही दोष नाही. दोन भोकांची चपटी डबी, आत तपकिरी फीत, एका कोपऱ्याला चीर गेलेली. माझ्याकडे बघून कुणाला काय कळणार? जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं बोलले. स्वतःचं आज पहिल्यांदाच बोलतेय, तेव्हा मध्येच घरघरले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. मोठ्या चाकावरून फीत उलगडत यायची, मापात कापली जायची आणि आमच्या पोटात गुंडाळली जायची. आमचे स्क्रू पिळणारी बाई दिवसभर शेजारणीशी गप्पा मारत असे. हात इकडे, तोंड तिकडे. बोलण्याचं बाळकडू मला तिथेच मिळालं, असं मी समजते.

दहा जणींच्या खोक्यातून मी एका दुकानात आले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. मालक दुरुस्तीबरोबर गाणीही भरून देत. गिऱ्हाईक जुन्या गाण्यांची यादी आणून देई, मालक ती गाणी जमवून कोऱ्या कॅसेटवर उतरवत. माझ्या नऊ बहिणी एकेक करून पोटात गाणी घेऊन सासरी गेल्या. मीही नटून बसले होते. माझी पाळी आली तेव्हा मालकांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्या अंगावरच्या कागदावर एक शब्द लिहिला आणि म्हणाले, "ही राहू दे टेस्टिंगला."

झालं, मी टेस्टिंगची कॅसेट झाले. टेस्टिंग म्हणजे काय, ते सांगते. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तो नीट आवाज धरतो की नाही हे बघावं लागतं. त्यासाठी एक कॅसेट घालायची, दोन बटणं एकदम दाबायची, समोर कुणीतरी दोन मिनिटं बोलायचं. मग ते वाजवून बघायचं. जमलं तर मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं आणि कॅसेट पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवायची. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आजचं बोलणं कालच्या बोलण्याच्या उरावर बसायचं आणि कालचं पुसलं जायचं.

मालकांचा हात या कामात इतका बसला होता की मशीनचं झाकण लागलं रे लागलं, हात आपोआप खणात जाऊन मला काढायचा. डोळ्यांनी बघायची गरजच नाही. हे लक्षात ठेवा.

दुकानाला लागून पुस्तकांची बांधणी करणाऱ्याचं दुकान होतं. दोघांत मिळून फळ्यांची एकच भिंत. कधीतरी त्यातली एक फळी किडली, तेव्हा नवी बसवण्याऐवजी दोघांनी मिळून तिथे खिडकी करून टाकली. त्या खिडकीतून चहाचे कप जायचे, वर्तमानपत्र जायचं आणि दिवसभर गप्पा जायच्या. पलीकडचे आमच्या मालकांना 'उस्ताद' म्हणायचे, हे पलीकडच्यांना नुसतं 'बाइंडर' म्हणायचे. एवढ्या वर्षांत 'अहो'चं 'अरे' झालं नाही, पण भांडण मात्र सख्ख्या भावांसारखं.

सुरुवातीला उस्ताद टेस्टिंगला स्वतःच बोलायचे, हॅलो हॅलो, एक दोन तीन. पण स्वतःचा आवाज वाजवून ऐकला की त्यांना तो खोटाच वाटायचा. मशीन बिघडलंय की आपण असेच आहोत, हे ठरेना. मग एक दिवस त्यांनी माईक खिडकीपाशी धरला.

"बोला बाइंडर."

"काय बोलू?"

"काहीही. हवा कशी आहे ते सांगा."

"हवा? फुकट आहे, म्हणून छान आहे."

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. बाइंडरांचा आवाज भरदार, जरासा खरबरीत, पुठ्ठ्यावरून हात फिरवल्यासारखा. मशीनमध्ये काडीएवढी खोट असली तरी त्या आवाजात लगेच कळायची. उस्ताद म्हणायचे, या माणसाच्या गळ्यासारखं मीटर बाजारात मिळत नाही.

बोलणं तीन गोष्टींचं. आधी हवा, मग हातात असलेलं पुस्तक, आणि शेवटी जुनं गाणं. हवेत त्यांना सगळ्यात जास्त आवडे तो वसंत. रस्त्यापलीकडे एक झाड होतं. थंडीभर ते वाळक्या काटकीसारखं उभं असायचं आणि मग एके सकाळी त्याच्या टोकाला तांबूस कोंब दिसायचे. पहिलं पान कुणी आधी पाहिलं यावरून दोघांत दरवर्षी वाद. उस्ताद दुकान लवकर उघडत, पण त्यांची नजर जवळची. बाइंडर उशिरा येत, पण त्यांना झाडाची शेंड्यावरची डहाळी दिसे. "तुम्ही पाहिलंत ते पान नव्हतं, चिमणी होती," असं बाइंडर म्हणायचे. उस्ताद दिवसभर बोलायचे नाहीत. चहाला बोलायचे.

पुस्तकांचं वेगळंच. बाइंडर शिवायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वाचून काढत. "पोटात काय आहे ते न बघता टाके कसे घालणार?" असा त्यांचा सवाल. फाटक्या पुस्तकांची शेवटची पानं बहुधा गेलेली असत. मग बाइंडर स्वतःच शेवट जुळवून उस्तादांना सांगायचे. उस्तादांनी उभ्या जन्मात एक पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण शेकडो पुस्तकांच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्यातल्या निम्म्यांचे शेवट बाइंडरांचे होते. एकदा एक शिक्षिका दुकानात आल्या, कुठल्याशा कादंबरीचा विषय निघाला. उस्ताद ठामपणे म्हणाले, "शेवटी तो परत येतो आणि बाग लावतो." बाई म्हणाल्या, "छे हो, तो बुडून मरतो." त्या दिवशी खिडकीतून जे काय शब्द पलीकडे गेले ते मी सांगत नाही.

गाण्यांत मात्र उस्ताद गुरू. कुठलं गाणं कुणी बांधलं, मागे बासरी की सारंगी, सगळं सांगायचे. बाइंडरांना चाल धरता यायची, पण शब्द पहिल्या कडव्यापुढे जात नसत. त्यांच्या बायकोला सगळी कडवी यायची. मुलीला झोपवताना ती एक जुनं गाणं म्हणायची, दुपारी रेडिओवर लागणारं, संथ चालीचं. बाइंडर दाराशी उभं राहून ऐकायचे आणि पहिलं कडवं तेवढं लक्षात ठेवून दुकानात यायचे. टेस्टिंगच्या शेवटी ते गुणगुणायचे आणि अडकायचे. "पुढचं तिला येतं. मला नाही. बास? झालं का? बरं, येतो मग." असं म्हणून खिडकीतून डोकं आत घ्यायचे.

हे सगळं मी ऐकलं आणि हे सगळं माझ्यावरून पुसलं गेलं. पुसणं म्हणजे विसरणं, असं तुम्हाला वाटत असेल. मला काही विसरता येत नाही. फितीवर जे उरतं तेवढंच मला वाजवता येतं, एवढंच. बाकीचं आत आहे, पण ते काढणारं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही. मुलगी झाली त्या दिवशी बाइंडर हवेचं सांगायला गेले आणि नुसते हसतच राहिले, ते मला आठवतं. त्यांची बायको गेली, त्यानंतर ते दहाव्या-बाराव्या दिवशी दुकानात आले. एक मशीन तयार होतं. उस्तादांनी गुपचूप माईक पुढे केला. बाइंडर माईककडे वाकले आणि म्हणाले, "हवा... हवा बरी आहे." त्या दिवशी पुस्तक नाही, गाणं नाही. आठवड्याने दुसरं मशीन आलं आणि त्या तीन शब्दांवर दुसरं काही आलं.

मुलगी वाढली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. गाणी मोबाईलवर आली, तशी माझी जमात घराघरांतल्या माळ्यांवर गेली. उस्तादांकडे कुणी चुकून जुना टेपरेकॉर्डर घेऊन आलं तर ते त्याला पाहुण्यासारखे उठून सामोरे जात. टेस्टिंग वर्षातून एकदा-दोनदा. शेवटची टेस्टिंग एका वसंतात झाली. त्यात बाइंडर काय बोलले ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या अडीच मिनिटांची आहे.

ते म्हणाले होते, "हवा म्हणाल तर आज अंगावर घ्यावी अशी आहे. काल झाडाला पाच पानं होती, आज मोजायचं सोडून दिलं. पुस्तक आलंय एका म्हाताऱ्या बाईंचं, प्रवासवर्णन. वाचून वाचून पानं मऊ पडलीत. मी विचारलं, कुठे कुठे जाऊन आलात? म्हणाल्या, कुठेच नाही, हेच वाचते. आता बोला! मी त्यांना शेवटी दोन कोरी पानं जोडून देणार आहे. म्हटलं, गेलात कुठे तर लिहा." मग गाणं, पहिलं कडवं, नेहमीच्या जागी अडकलेलं. बायको गेली तरी "पुढचं तिला येतं. मला नाही" हे तसंच. मग "बास? झालं का? बरं, येतो मग."

त्यानंतर रेकॉर्डिंगचं काम आलंच नाही. आलं असतं तर हेही पुसलं गेलं असतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुमारास बाइंडरांचा आवाज बसला. खळीचा वास, धूळ, म्हातारपण, अशी कारणं त्यांनी स्वतःच शोधली. टेपरेकॉर्डरचा आवाज बसला की त्याचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणारा भाग, पुसतात; उस्ताद म्हणाले, "हेड साफ करून घ्या एकदा." हसले दोघं. पुढे आवाज नुसता वारा झाला, तेव्हा मुलगी येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेली. गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही.

थंडीत शस्त्रक्रिया झाली. मुलगी महिनाभर बापाजवळ राहिली. झाडाला कोंब फुटायच्या दिवसांत बाइंडर पुन्हा दुकानात आले, गळ्याला पांढरा रुमाल, खिशात कातरणांची स्वतः शिवलेली छोटी वही आणि पेन्सिल. उस्तादांनी खिडकीतून चहा दिला आणि सवयीने विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" बाइंडरांनी लाकडी हातोडीने फळीवर एकदा टक केलं. तेव्हापासून एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. सगळ्या गप्पा त्यावर चालू लागल्या. उस्ताद दोघांच्या वाटचं बोलायचे आणि पलीकडून टकटक व्हायची. एखाद्या दिवशी त्यांना फारच गहिवरून यायचं, मग ते उगाच स्क्रू ड्रायव्हर शोधत बसायचे.

मुलगी परत जायला निघाली त्या दिवशी बॅग घेऊन उस्तादांच्या दुकानात आली. बाइंडर खिडकीपलीकडे होते.

"काका, एक विचारू? बाबांचा आवाज कुठे आहे का हो तुमच्याकडे? मी एवढी वर्षं रोज फोनवर बोलले, एकही जपून ठेवलं नाही. ऑपरेशनच्या आधी मोबाईलवर घेतलं, पण तेव्हा नुसती फुसफुस होती. तो काही त्यांचा आवाज नव्हे."

"आवाज?" उस्ताद म्हणाले. "अगं, तीस वर्षांचा आवाज आहे माझ्याकडे!" आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं, की तीस वर्षांचा नाही, अडीच मिनिटांचा आहे. त्यांचा चेहरा पडला. पण त्यांनी मला खणातून काढलं आणि मशीनमध्ये घातलं.

मी माझं सगळं कसब पणाला लावून वाजले, खरंच सांगते. हवा, म्हाताऱ्या बाई, कोरी पानं, गाणं. मुलीच्या खांद्यावर बॅग तशीच होती. ती उतरवायचंही तिला भान राहिलं नाही. बाइंडर खिडकीत येऊन उभे होते आणि स्वतःचा आवाज ऐकत होते, एखाद्या ओळखीच्या माणसाचा ऐकावा तसा. गाणं अडकलं तिथे मुलीने पुढची ओळ हळूच म्हटली. आईची कडवी तिला सगळी येत होती. "येतो मग" झालं आणि फितीची सूं सूं सुरू झाली.

तिने पर्समधून मोबाईल काढला. "पुन्हा लावा काका, मी यावर घेते."

आणि इथे उस्तादांच्या हुन्नराचा अभिमान आडवा आला. "छे, छे! स्पीकरसमोर मोबाईल धरून घेतलेला आवाज म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. या गळ्याची अशी चेष्टा मी होऊ देणार नाही. माझं दुसरं मशीन बंद पडलंय, त्याचा बेल्ट येतोय. ते दुरुस्त करतो आणि मशीनला मशीन जोडून तारेने तुला स्वच्छ कॉपी काढून देतो. पंधरा दिवसांनी रविवारी ये. जन्मभर ऐकशील."

"नक्की ना?"

"अगं, हे माझं कामच आहे."

बाइंडरांनी तेवढ्यात वहीत काहीतरी लिहून खिडकीतून पुढे केलं. 'आधी पट्टी मोडा.' माझ्या पाठच्या बाजूला प्लॅस्टिकची चिमुकली पट्टी असते. ती मोडली की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. जपायच्या कॅसेटची पट्टी मोडून घ्या, असं उस्ताद स्वतः गिऱ्हाइकांना बजावून सांगत. ऐकून ऐकून बाइंडरांनाही ते पाठ झालं होतं.

"मोडू की," उस्ताद म्हणाले. "पण रविवारी, पोरीच्या हातून. तुमचा आवाज आहे, मान तिचा." मुलगी हसली. बसची वेळ झाली होती. ती बापाच्या खिडकीतल्या हातावर हात ठेवून निघून गेली.

बेल्ट यायला दहा-अकरा दिवस लागले. आला त्या सकाळी उस्ताद लहान मुलासारखे खूश. दुसरं मशीन उघडलं, जुना चिकट बेल्ट खरवडून काढला, नवा बसवला, कापसाने हेड पुसलं, मोटरला तेलाचा थेंब दिला. पलीकडे बाइंडर एक जाडजूड पुस्तक शिवत बसले होते. बाहेर झाड पोपटी झालं होतं. रस्त्यावरून येणारा वारा दोन्ही दुकानांतून फिरत होता. मी टेबलावर होते. मुलीला द्यायची म्हणून उस्तादांनी मला खणात न ठेवता वर, हाताशी ठेवलं होतं.

मशीनचं झाकण लागलं. स्क्रू पिळला गेला. आणि उस्तादांच्या हाताने मला उचललं.

मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे काय हो? कुणी बटण दाबल्याशिवाय मला आवाज नाही. उस्तादांनी मला त्या दुरुस्त झालेल्या मशीनमध्ये घातलं, दोन्ही बटणं एकदम दाबली, माईक खिडकीकडे वळवला, कानाला हेडफोन लावले आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "हं, बोला बाइंडर. हवा कशी आहे?"

मग ते मोटरचा वेग लावायला मशीनमागे वाकले. डोळे मीटरच्या सुईवर.

बाइंडरांनी मान वर केली. आधी त्यांना प्रश्नाची गंमत वाटली असावी, कारण त्यांनी हातोडी उचलून फळीवर एकदा टक केलं. मग खिडकीतून त्यांना मशीनवरचा लाल दिवा दिसला, आणि आत फिरणारी मी दिसले, पेन्सिलीने लिहिलेल्या शब्दासकट.

त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मी समोरच होते, मला दिसलं. गळ्यावरचा रुमाल आत ओढला गेला आणि बाहेर पडला, एवढंच. मग ते हातोडीने फळी बडवू लागले. टक टक टक टक, थांबेनातच. सुई उड्या मारू लागली. उस्तादांना तेच हवं होतं. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येत होता. ते मान वर न करता हसून म्हणाले, "अहो, एवढी छान हवा आहे?"

खिडकीतून हात मशीनपर्यंत पोचण्यासारखा नव्हता. बाइंडरांनी हातोडी टाकली. मांडीवरचं पुस्तक, सुईदोरा, सगळं घेऊनच ते उठले. पुस्तक पडलं. त्यांच्या दुकानाच्या दारातून बाहेर, पायरी उतरून, वळून, उस्तादांची पायरी चढून आत. धाप लागलेला म्हातारा माणूस. वाटेत त्यांचा पाय अडखळला. ते येऊन पोचले आणि त्यांनी माझ्या मशीनचं बटण दाबलं. कट.

उस्तादांनी वर पाहिलं. बाइंडरांकडे, मग बोट होतं तिकडे. हेडफोन काढायलाही त्यांना सुचलं नाही. ते खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मी काय केलं हो हे?"

बाइंडर त्यांच्या शेजारी बसले. त्यांची वही पलीकडे राहिली होती. त्यांनी उस्तादांच्या कानांवरचे हेडफोन हलक्या हाताने काढले आणि बाजूला ठेवले. मग उस्तादांनी मला मागे गुंडाळून वाजवलं. उस्तादांचा प्रश्न, एक टक, मग टकटकीचा भडिमार, उस्तादांचं हसणं, पडलेलं पुस्तक, पावलं, कट. आणि त्यानंतर बाइंडरांचा खरा, भरदार आवाज, जेमतेम सात-आठ सेकंद: "...तिला येतं. मला नाही. बास? झालं का? बरं, येतो मग."

एवढंच वाचलं होतं. झाड गेलं, म्हाताऱ्या बाई गेल्या, कोरी पानं गेली, गाणं गेलं.

दुपारी बाइंडरांनी वहीत लिहून दाखवलं, 'मशीनने टेप खाल्ली, असं सांगा.' उस्तादांनी वाचलं आणि मान हलवली. "मशीन माझं. मशीनने खाल्ली म्हणजे मीच खाल्ली की. नाही बाइंडर, तिच्याशी खोटं नाही बोलायचं." त्या दिवशी चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाइंडरांनीच करून खिडकीतून दिला. उस्तादांनी कप घेतला, पण वर बघितलं नाही.

रविवारी मुलगी आली. कॉपीसाठी एक छानशी नवी डबी आणली होती, निळ्या रंगाची. उस्तादांनी तिला बसायलाही न सांगता जे झालं ते एका दमात सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, माझा मोबाईल हातात होता."

"हो."

"हातात होता माझ्या. तुम्हीच नको म्हणालात."

"हो."

"एवढं एकच मागितलं होतं मी."

उस्तादांनी मला उचलून तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. आपल्या बचावाचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. मुलगी पाठ फिरवून दारात जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला त्या वेळी वाटलं, कारखान्यातच माझी फीत तुटली असती तर बरं झालं असतं. दहातल्या त्या नऊ नशीबवान. गाणी घेऊन गेल्या, कुणाच्या काळजाचं काही त्यांच्यावर अडकलं नाही.

थोड्या वेळाने ती आत आली. "लावा. जे आहे ते लावा."

लावलं. उस्तादांचा प्रश्न ऐकून तिने ओठ आवळले. टक. मग टकटक सुरू झाली तशी तिने विचारलं, "हे काय वाजतंय?"

बाइंडर तिच्या शेजारी उभे होते. त्यांनी बोट दुमडून टेबलावर वाजवलं. हळू, मग जोरात, मग थांबेनातच, अगदी फितीवर होतं तसं.

"तो तुझा बाप आहे, पोरी," उस्ताद म्हणाले. "तुझ्यासाठी त्याला जेवढं ओरडता आलं तेवढं ओरडला तो. मलाच ऐकू आलं नाही."

मुलीने बापाचा तो हात टेबलावरच धरला. वाजवायचा थांबला तरी सोडला नाही. मी पुढे वाजत होते. पावलं, कट, "तिला येतं. मला नाही. बास? झालं का? बरं, येतो मग."

तिने मला तीनदा ऐकलं. मोबाईल बाहेर काढला नाही. मग म्हणाली, "ती पट्टी कुठे असते?" उस्तादांनी दाखवली. बाइंडरांनी खिशातून पुस्तकं शिवायचं दाभण काढून तिच्या हातात दिलं. तिने टोक घालून पट्टी मोडली. कड असा एवढासा आवाज झाला. निघताना ती उस्तादांच्या पाया पडली नाही आणि रागावूनही गेली नाही. "काका, बाबांच्या चहात साखर कमी घाला," एवढं म्हणाली. तेव्हा कुठे उस्ताद रडले.

त्यानंतर दोन वसंत झाले. बाइंडर त्यातला एकच पाहू शकले. पहिलं पान त्यांनी पाहिलं की उस्तादांनी, ते ठरायचं राहिलं. उस्तादांनी दुकान आवरलं आणि ते दुसरं मशीन स्वतः मुलीच्या घरी पोचवलं. त्या मशीनवर त्यांनी पुन्हा कधी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही.

आता मी मुलीच्या कपाटात असते, निळ्या डबीत, बाइंडरांनी शिवलेल्या पुस्तकांच्या मध्ये. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी सकाळी उठून 'आज हवा छान आहे' असं म्हणत असेल, एखाद्या पुस्तकाचं काही सांगत असेल, जुन्या गाण्याच्या एकाच कडव्याशी अडकत असेल, तर त्याला कंटाळू नका. हातातलं जरा बाजूला ठेवून ऐका. आणि जपून ठेवायचं असेल तर आजच ठेवा, रविवारची वाट बघू नका.

मुलीच्या घराच्या खिडकीसमोर एक झाड आहे. त्याला पहिलं पान आलं की ती मला बाहेर काढते. फितीवरचे उस्ताद विचारतात, "हं, बोला बाइंडर. हवा कशी आहे?" आणि टकटक सुरू होते. ती खिडकीबाहेर बघत असते. टकटक चालू असतानाच ती सांगते, की छान आहे बाबा, पाच पानं आलीत, सहावं येईल उद्या. हल्ली कुठलं पुस्तक हातात आहे, ते सांगते. आईच्या गाण्याचं पुढचं कडवं म्हणते. घाईघाईने म्हणावं लागतं, कारण टकटक दोन मिनिटांचीच आहे. मग पावलं, कट.

"बास? झालं का? बरं, येतो मग."

"या, बाबा," ती म्हणते, आणि बटण दाबते.